बाबा, तुमच्या करंजियांविषयी

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

परवा फोनवर बढतीची बातमी सांगितली तेव्हा तुमची दोघांची दोन उत्तरं एकदमच कानावर आली. बाबा म्हणाले, "वा! आता 'ब्लिट्झ'च्या करंजियांसारखा दणका उडवून दे." आणि मागून आईचा आवाज, "रात्री घरी किती वाजता येणार ते विचारा आधी."

आई, तुझं आधी. आमचं सांजदैनिक आहे. दुपारी बाराच्या आत पानं छपाईला जातात, चारच्या सुमारास अंक स्टेशनांवर पोचतो. म्हणजे पहाटे उठून पळायचं, पण दिवेलागणीला घरी. पगार थोडा वाढलाय. डबा घरून नेते, कँटीनचा वडापाव रोज खात नाही.

बाबा, तुमचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. एक तर कानाचं यंत्र डबीत ठेवून तुम्ही फोन घेता, आणि तुमच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचा नि त्याचे संपादक करंजिया यांचा विषय निघाला की समोरच्याला बोलूच देत नाही. म्हणून हे पत्र. दिवाळीत माळ्यावरची कात्रणांची सुटकेस तुम्ही माझ्या हवाली केलीत ना, ती मी खरोखर वाचून काढली. कागद इतका पिवळा पडलाय की घडी उलगडताना कडा हातात येतात. खाली जुनी चादर अंथरून वाचलं.

'ब्लिट्झ' म्हटलं की मला पहिल्यांदा आठवतं ते शेवटचं पान. तुम्ही पार्सल ऑफिसमधून सुटलात की मिरज स्टेशनवरच्या स्टॉलवरून अंक घेऊन यायचात आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचत बसायचात. तुमचं इंग्रजी त्याच्यावरच पोसलेलं. शेवटच्या पानावर लेखक-चित्रपटकार ख्वाजा अहमद अब्बास यांचं सदर आणि त्याला खेटून अपुऱ्या कपड्यांतल्या बाईचा फोटो. आई ते पान आत दुमडून ठेवायची. तुम्ही म्हणायचात, "अगं, मी अब्बास वाचतोय." त्यावर आई एकदा म्हणाली होती, "मग अब्बास काय पोहायला निघालेत का?"

आज त्या पानाकडे धंद्याच्या नजरेनं बघते तेव्हा हसू येतं आणि दादही द्यावीशी वाटते. ते सदर अब्बास यांनी १९३५ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सुरू केलं, १९४७ नंतर 'ब्लिट्झ'मध्ये आणलं आणि १९८७ मध्ये जाईपर्यंत चालवलं. समाजवाद, दंगली, गरिबी असा सगळा मजकूर. तो फोटोच्या शेजारी छापायचा म्हणजे माणूस एका कारणासाठी पान उघडेल आणि दुसरं काहीतरी वाचून उठेल. फोटोसाठी अंक घेणारे किती आणि अब्बाससाठी किती, हे करंजियांनी कधी मोजलं असेल असं वाटत नाही. दोघांचेही पैसे गल्ल्यात पडत होते.

रुसी करंजिया माणूस होताच तसा. १९१२ मध्ये क्वेट्ट्यात जन्मलेला पारशी. 'टाइम्स ऑफ इंडिया'त सहायक संपादक, म्हणजे त्या काळी आयुष्यभराची सोय. ती सोडून त्यांनी १ फेब्रुवारी १९४१ ला साप्ताहिक काढलं. सोबत बी. व्ही. नाडकर्णी आणि बेंजामिन हॉर्निमन. हे तेच हॉर्निमन, ज्यांना इंग्रज सरकारनं १९१९ मध्ये हद्दपार केलं होतं आणि ज्यांच्या नावाच्या सर्कलला मी रोज वळसा घालते. काळा घोड्याजवळच्या 'वेसाइड इन'मध्ये बसून या मंडळींनी बेत ठरवला. युद्ध चालू होतं, लंडनवर बॉम्ब पडत होते, त्या बॉम्बफेकीचंच नाव पेपराला दिलं. आकार लहान, मथळे मोठे, भाषा भांडणाची. तुम्ही मला शाळेत असताना सांगितलं होतं की हा माणूस कुणाच्या बापाला घाबरत नाही. ते मला इतकं आवडलं होतं की पत्रकारितेला जाण्याचं निम्मं कारण तेच असावं.

आता सुटकेसमधल्या सगळ्यात जाड पुडक्याकडे येते. नानावटी. ही कात्रणं आजोबांची, तुम्ही तेव्हा शाळेत होतात. २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, त्याच्या घरात गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांकडे हजर झाले. इथपर्यंत घटना. पुढचं बरंचसं करंजियांनी घडवलं. नानावटी म्हणजे देशाची सेवा करणारा, फसवला गेलेला सज्जन नवरा; आहुजा म्हणजे पैसेवाला रंगेल. आठवड्यामागून आठवडे हेच. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना विकला गेला. फेरीवाले रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि खेळण्यातलं 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकत होते.

तो टॉवेल विनोदाचा झाला खरा, पण खटल्यात तोच कळीचा होता. बचाव पक्षाचं म्हणणं, झटापटीत गोळ्या सुटल्या. सरकार पक्षाचं म्हणणं, आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता, कमरेला फक्त टॉवेल होता, आणि तो खाली कोसळल्यावरही टॉवेल जागचा हलला नव्हता. मग झटापट कसली? बाबा, हा प्रश्न कुणालाही विचारता आला असता. पण लोक टॉवेल विकत घेत होते आणि हसत होते.

सत्र न्यायालयात ज्युरीनं, म्हणजे कौल द्यायला बसवलेल्या नऊ सामान्य नागरिकांनी, आठ विरुद्ध एक असा कौल देऊन नानावटींना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल इतका विपरीत वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. या एका खटल्यानं देशातली ज्युरी बंद पडली असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ती टप्प्याटप्प्यानं गेली, याच्या आधीपासून आणि याच्या नंतरही. पण बदनाम झाली ती याच खटल्यात. 'ब्लिट्झ'नं माफीची मोहीम चालूच ठेवली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. आहुजाच्या बहिणीची लेखी संमती त्यासाठी घ्यावी लागली. तिचं त्या काळात घरात काय होत असेल? आजोबांच्या पुडक्यात तिच्याविषयी एकही कात्रण नाही. आजोबांनी कापलं नसेल, की छापूनच आलं नव्हतं, ते तुम्हीच सांगू शकाल.

मला या पुडक्यानं दोन रात्री झोप लागू दिली नाही. भाषा फार सुरेख आहे, वेग आहे, एकदा हातात घेतलं की खाली ठेवता येत नाही. आणि निकाल पहिल्याच ओळीत लावलेला असतो. बातमी त्याच्या मागून फरफटत येते.

हीच सवय इतरत्र महागात पडली. १९६१ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर तोफ डागली. मेनन हे करंजियांचे लाडके. 'ब्लिट्झ'नं कृपलानींच्या आडनावाची मोडतोड करून त्यांना वेडगळ ठरवणारा मजकूर छापला. हक्कभंग झाला. २९ ऑगस्टला करंजियांना लोकसभेच्या सभागृहात कठड्याशी उभं राहून अध्यक्षांची कानउघाडणी ऐकावी लागली. तुम्ही हा प्रसंग मला नेहमी शौर्यकथा म्हणून सांगितलात. संपादक स्वतः जाऊन उभा राहिला, वार्ताहराच्या मागे लपला नाही, एवढ्यापुरतं मला ते आजही मान्य आहे. पण छापलं काय होतं? कृपलानी जे बोलले त्याचा प्रतिवाद त्यात कमी, टवाळी जास्त.

गिरणीमालक ठाकरसींचं प्रकरणही तसंच. १९६० च्या एका लेखावरून त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि कोर्टानं तीन लाखांची भरपाई ठोठावली. त्या वेळचे तीन लाख! पुढे अपिलात रक्कम कमी झाली, दोष काही सुटला नाही. आमच्या ऑफिसात आजही वकील नवीन पोरांना शिकवताना हा दावा काढतात. आई, म्हणजे तुला कळेल की आमच्याकडे वकील पगारी असतो आणि मला एकटीला सगळं निस्तरावं लागत नाही.

बाबा, तुम्ही चिडला असाल. थांबा, दुसरी बाजूही मी बघितली आहे. सचोटीचं काम करणारी कितीतरी माणसं त्या फोर्टातल्या ऑफिसात घडली. पी. साईनाथ गावोगाव हिंडायला बाहेर पडले त्याआधी जवळजवळ दहा वर्षं तिथेच होते, उपसंपादकापर्यंत नव्हे, थेट संपादकांच्या खालच्या खुर्चीपर्यंत. बड्या शेठजींची नावं घेऊन छापायला इतर पेपर दहादा विचार करत तेव्हा 'ब्लिट्झ' छापत होता. इजिप्तचे नासेर, क्यूबाचे कॅस्ट्रो अशा लोकांच्या समोर बसून हा माणूस मुलाखती घेत होता, आणि मिरजेच्या पार्सल ऑफिसातला कारकून त्या वाचून चहाच्या टपरीवर सुएझ कालव्यावर वाद घालत होता. हे काही थोडंथोडकं नाही.

माझी तक्रार दुसरीच आहे. त्यांची निर्भीडता नावडत्यांसाठी राखीव होती. नेहरू, मेनन, नासेर यांच्याबाबतीत तीच लेखणी मऊ व्हायची. डाव्या विचारांचा म्हणवणारा माणूस, पण १९७७ मध्ये इराणच्या शहाचं कौतुक करणारं पुस्तक लिहून मोकळा झाला. वर्षानुवर्षं सत्यसाईबाबांवर झोड उठवली आणि १९७६ मध्ये त्यांची मुलाखत घेऊन आल्यावर सूरच बदलला. मत बदलायला माझी हरकत नाही. पण आधीचं मत जितक्या ठासून, तितक्याच ठासून पुढचं. मधे एक दिवससुद्धा शंकेचा नाही. आणि आणीबाणीत, ज्या वेळी निर्भीडपणाची खरी गरज होती, तेव्हा 'ब्लिट्झ' इंदिराबाईंच्या बाजूनं उभा होता.

तुम्हाला वाटेल, खुर्चीवर बसून चार दिवस झाले नाहीत आणि पोरगी करंजियांचे दोष काढायला लागली. तसं नाही हो. मला माझ्या टेबलाचं बघायचंय. गेल्या आठवड्यात आमचा एक बातमीदार, चुणचुणीत पोरगा, उपनगरातल्या एका सोसायटीची बातमी घेऊन आला. खजिनदारानं पैसे खाल्ले, सभासद संतापलेले, फोटो तयार, मथळाही त्यानंच करून आणलेला आणि मथळा झकास होता. मी विचारलं, "त्या खजिनदाराशी बोललास?" "मॅडम, फोन उचलत नाही." "घरी गेलास?" गप्प. अकरा वाजून गेले होते. मी बातमी काढली आणि त्या जागी पाणीकपात लावली. पोरगा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एका पेपरनं तीच बातमी छापली, आणि ती खरी होती. खजिनदारानं पैसे खाल्लेच होते. वितरणवाल्यांनी मला ऐकवायचं ते ऐकवलं.

आता बाबा, तुमचे करंजिया माझ्या जागी असते तर बातमी पान एकवर लागली असती, अंक खपला असता आणि ते बरोबरही ठरले असते. पुढच्या वेळी मी परत तेच करणार आहे. त्या पोराला मात्र सांगून ठेवलंय की घरापर्यंत जाऊन आलास तर तुझाच मथळा लावीन, एक अक्षर न बदलता.

करंजिया गेले तेही १ फेब्रुवारीलाच, २००८ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी. पेपर त्याच्या बऱ्याच आधी मिटला होता. तुम्हाला त्या दिवशी फोन केला होता मी, तर तुम्ही म्हणालात, "माझा मास्तर गेला." ते मी विसरलेले नाही, म्हणूनच इतकं लांबलचक लिहितेय.

एक विचारायचं राहिलं. सुटकेसमध्ये प्रत्येक वर्षाचं पुडकं आहे, सुतळीनं बांधलेलं, वर तुमच्या अक्षरात साल. १९७४ आहे. १९७५ चं जूनपर्यंत आहे. त्यानंतर एकदम १९७८. मधली कात्रणं उंदरांनी खाल्ली, की तुम्ही अंक घेणंच बंद केलं होतं? आईला विचारलं तर ती म्हणाली, "तेव्हा हे घरात कुणाशीच धड बोलत नसत." आपल्या शेजारचे प्रभातशाखेला जाणारे काका तेव्हा येरवड्यात होते एवढं मला ठाऊक आहे. खरं काय ते लिहून कळवा, फोनवर नको.

डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा घालायचे आहेत, तीन वेळा नव्हे. आई, तू लक्ष ठेव. गणपतीला चार दिवसांची रजा टाकली आहे. आमचा अंक मिरजेला येत नाही, म्हणून दर शनिवारी आठवड्याचे सगळे अंक पोस्टानं धाडेन. बाबा, लाल पेन घेऊन वाचा.

तुमची,
मंजू