कपड्यांचं पोतं पाठवू नका

ठाणे

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, गावातून जुने कपडे गोळा करून पोतं पाठवतो म्हणालात. नका पाठवू. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर रविवारी बिस्किटं-स्वेटर घेऊन गाड्या येतात आणि फोटो काढून जातात. पोरांनाही आता ओळीत उभं राहून हसायची सवय झालीय, याचाच मला राग येतो.

भट्टीवरच्या पोरांना अंगणवाडी-शाळेत घालायचं आमचं काम दिसायला कंटाळवाणं आहे. शहापूर, जव्हार, मोखाड्याकडची कातकरी माणसं मालकाची उचल घेतात, दिवाळीनंतर भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढे महिने पोरांची गावची शाळा सुटते. आई-बाप पहाटेपासून विटा थापतात, आठ वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन फिरते. तिला शाळेत घालायचं तर तान्ह्याला कोण बघणार? म्हणून आधी धाकट्याची अंगणवाडी, मग थोरलीची शाळा.

आई, तू विचारलेली तीनरंगी पट्टी दंडाला गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ती मोजायला आता भट्टीवरच्या बायकाही शिकल्यात. आणि हो, जेवते वेळेवर.

परवा एका शाळेनं जन्मदाखला नाही म्हणून पोरीला परत पाठवलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १४ सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १५ प्रमाणे ती वर्षाच्या मध्यात आली तरी घ्यावंच लागतं. दोन्ही पानं मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली. ‘बघू’ म्हणाले. सोमवारी परत जाणार आहे.

पण दाखल्याचं घोडं कधीतरी अडणारच. जन्माला वर्ष उलटलं की नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि इथल्या कित्येक पोरांची नोंद कुठेच नाही. बाबा, तहसीलात तुमची हयात गेली. उशिराच्या जन्मनोंदीच्या अर्जाचा एक पानी नमुना करून पाठवाल? ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे सगळं घाला, साहेबांना तीच भाषा कळते. आईबापांच्या अंगठ्यासाठी खाली जागा सोडा, आणि सोबत काय काय जोडायचं ते मागच्या पानावर लिहा.

तुमची,
ताई