सूचना : लेकरांच्या दुपारच्या खेळाबद्दल (आपला अंगणवाडी पालक गट, परभणी)

ताई-दादांनो, उन्हामुळे लेकरं दुपारभर घरातच आहेत. मोबाईल हातात द्यायच्या आधी कडब्याची चार चिपाडं, रिकामी खोकी, जुनी ओढणी पुढ्यात टाका अन् बाजूला बसा. काय करायचं ते सांगू नका. परवा माझ्या नातवानं चिपाडाची बैलगाडी करायला घेतली, मध्येच तिची एसटी झाली, शेवटी म्हणे ही विहीर आहे! "चाक असं लाव" म्हणायला माझी जीभ वळवळत होती, पण गप्प बसले.

चिपाडाची साल धारदार असते, ती आपणच सोलून द्यावी. चिंचोके, गोट्या 3 वर्षांखालच्या लेकरांना नकोत, घशात अडकतात.

शनिवारी येताना प्रत्येकानं एक रिकामं खोकं आणा. चेपलेलं, वेडंवाकडं असलं तरी चालेल.