इअरबड्सच्या सेटिंगसाठी फोनच का लागावा?

महोदय,

मी साताऱ्यात लॅपटॉपवरून दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. कानात वायरलेस इअरबड्स असतात. केस मागे सारताना डाव्या बडला बोट लागलं की मुलांना दाखवत असलेला व्हिडिओ थांबतो, दोनदा लागलं की भलताच सुरू होतो. लांब दाबलं तर फोनवर व्हॉइस असिस्टंट बोलू लागतो, लॅपटॉपवर मात्र काहीच घडत नाही.

हे बंद करायचं कुठे? लॅपटॉपच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याचा मागमूस नाही. कारण किती टिचक्यांना काय व्हायचं, हे बडच्या आतच ठरतं; संगणकाकडे फक्त 'थांबव', 'पुढचं लाव' असा आदेश पोहोचतो. बदल करायला कंपनीचं ॲप हवं आणि ते फक्त मोबाईलसाठी! माझ्या सासऱ्यांकडे बटणांचा साधा फोन आहे, कीर्तनं ते संगणकावर ऐकतात. त्यांनी ॲप कुठे टाकायचं? सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, आणि त्यातही संगणकाचा उल्लेख नाही.

सेटिंग केवळ मोबाईलवरूनच बदलता येत असेल, तर तसं खोक्यावर ठळक छापावं, म्हणजे घेणारा आधीच विचार करेल. शिवाय ॲपशिवाय स्पर्श पूर्ण बंद करण्याची सोय प्रत्येक जोडीत हवी. आणि महाराष्ट्रात विकताना माहितीपत्रक मराठीतही द्यायला काय हरकत आहे?

– एक शिक्षिका, सातारा