निनावी पत्र फाडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तक्रार करायची तर नावानिशी करा’ हा कालचा अग्रलेख वाचून मन अस्वस्थ झाले. निनावी पत्रे बहुधा द्वेषापोटी लिहिली जातात, म्हणून डॉक्टर, परिचारिका अशांची नोंदणी करणाऱ्या व्यावसायिक परिषदांनी त्यांची दखलच घेऊ नये, असे आपण म्हटले आहे. खोट्या पत्राने एखाद्याची नोंदणी धोक्यात येऊ शकते, हे मला मान्य आहे. पण खरी तक्रार करणाऱ्याच्या वाट्याला काय येते, याबद्दल त्या लेखात एक ओळही नाही.

मी 23 वर्षे ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका होते. एकदा मॉपचा, म्हणजे रक्त टिपायच्या कापडी घड्यांचा, काउंट जुळत नसताना, दोनदा सांगूनही, सर्जननी पोट बंद केले. पुढे त्या रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागले आणि मॉप आतच सापडला. मी वैद्यकीय परिषदेला निनावी पत्र लिहिले. परिषदेने खुलासा मागवताना त्या पत्राची झेरॉक्स जशीच्या तशी त्याच डॉक्टरांकडे पाठवली. पत्रावर नाव नव्हते, पण ‘परिचारिकेने दोनदा सांगूनही’ हे शब्द होते, आणि त्या दिवशी थिएटरमध्ये आम्ही दोघीच परिचारिका होतो. मेट्रनच्या टेबलावर ती झेरॉक्स मी पाहिली, तेव्हा नेमक्या त्याच शब्दांखाली लाल शाईची रेघ होती.

संशय माझ्यावर नाही, तर माझ्या सहकारी बाईंवर आला. त्यांना पत्राची कल्पनाही नव्हती. आठ महिने सलग रात्रपाळी, मग हलगर्जीपणाचा मेमो, शेवटी राजीनामा. मी तोंड उघडले नाही, आणि ते मला आजही सलते. आपण निनावी लिहिणाऱ्यांना भेकड म्हणता. मी भ्याले होते हे खरे आहे, पण पोटात राहिलेला मॉपही तितकाच खरा होता.

अमेरिकेतील टेक्सासमध्ये 2009 साली विंकलर काउंटीतल्या दोन परिचारिकांनी एका डॉक्टरांविरुद्ध वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र लिहिले. त्या डॉक्टरांचे मित्र असलेल्या शेरीफने, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाने, मंडळाकडूनच पत्राची प्रत मिळवली, त्यातील केस क्रमांकांवरून रुग्ण गाठले आणि संगणक जप्त करून लिहिणाऱ्यांना शोधून काढले. दोघींची नोकरी गेली, वर फौजदारी खटला भरला. एकीवरचे आरोप मागे घेतले गेले. दुसरीला 2010 मध्ये ज्यूरीने तासाभराच्या आतच निर्दोष सोडले. पुढे त्या शेरीफलाही शिक्षा झाली. पण तोवर या दोघींचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, परिषदेने पत्र आरोपीच्या हाती देण्याआधी थिएटरचे रजिस्टर आणि केसपेपर स्वतः मागवून तपासावेत. तक्रार नोंदींवरून सिद्ध होत असेल, तर ती कोणी लिहिली याने काय फरक पडतो? खुलासा जरूर मागवावा, पण आरोपाचा मजकूर परिषदेने आपल्या शब्दांत कळवावा, आणि नाव कळवणाऱ्याचे नाव कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये.

जाता जाता आणखी एक. गेल्या महिन्यात याच सदरात एका शिकाऊ फार्मासिस्ट मुलीचे पत्र आले होते. त्यात ‘नाव छापू नये’ ही विनंती छापली होती आणि खाली तिचे नावही छापले होते. त्याबद्दल आपण आजवर दिलगिरीचा शब्द छापलेला नाही.

माझे नाव, पत्ता आणि फोन क्रमांक वेगळ्या कागदावर जोडले आहेत. खातरजमेसाठी अवश्य फोन करावा. तो कागद मात्र आपल्यापाशीच राहू द्यावा.

– एक निवृत्त परिचारिका