फुंकर घालायला शिकवणाऱ्या सरांना

सर, सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाली की करार संपला, ते दवाखान्यात कुणी नीट सांगितलं नाही. खिडकीवरचा मुलगा एवढंच म्हणाला, "ते आता इथं नसतात." तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती तशीच परत आणली. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. मी सांगतेय, नात मोबाईलवर टाईप करतेय. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवील.

मी औसा तालुक्यातली, निवृत्त अंगणवाडी सेविका. तुमच्या खोलीचा जिना चढताना तीनदा थांबले होते, ती. तुम्ही ते वरून पाहिलं होतं. पुढच्या वेळेपासून तुम्हीच खाली येऊन ओपीडीच्या बाकावर माझ्याशेजारी बसायला लागलात. आभार तिथूनच सुरू करते.

आयुष्यात मी बिडीला हात लावला नाही. पण घरात तुराट्यांची चूल आणि अंगणवाडीत लेकरांच्या खिचडीची चूल, असा दोन्हीकडचा धूर २८ वर्षं छातीत गेला. मशीनमध्ये फुंकायची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सीओपीडी आहे, श्वासनळ्या अरुंद झाल्यात. झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण तोंडानं ओढायच्या औषधाचा पंप नियमित घेतला तर दम आटोक्यात राहील. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, पंपाची सवय लागते. मी तो पदराखाली लपवून घ्यायचे, तोही कधी घेतला, कधी नाही.

दमाचं सगळ्यांना दिसत होतं. रात्रीचं कुणाला सांगता येत नव्हतं. पहाटे तीन-चारला जाग यायची, छातीत धडधड, हातपाय गार. आता श्वास बंद पडणार, असं वाटून मी अंथरुणात ताठ बसून राहायचे. आमच्या भागात पहाटेची भीती नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही घर असूनही बाहेर झोपलो. पण तेव्हा सगळं गाव सोबत घाबरलेलं होतं. ही भीती माझी एकटीची होती. घरातले झोपलेले असायचे आणि त्यांना उठवायची लाज वाटायची.

हळूहळू मी सगळं सोडलं. कीर्तनात खोकल्याची उबळ आली की माना वळतात, म्हणून कीर्तन सोडलं. हळदीकुंकू सोडलं. एसटीत दम लागला तर काय, म्हणून माहेर सोडलं. तीन वर्षं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या पूजेला आणि जेवणाला, शेतात गेले नाही. आमच्याकडे येळवस म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, गावात माणूस उरत नाही. मी दारं लावून घरात बसायचे.

एका ठिकाणी दाखवलं तर म्हणाले, सगळं मनाचं आहे, आणि झोपेची गोळी लिहून दिली. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, फुफ्फुसंच खराब आहेत, घाबरणारच. दोन्हीकडून मी रिकामीच परत आले.

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "मावशी, दम लागल्यावर भीती वाटते, की भीती वाटल्यावर दम लागतो?" मला सांगता आलं नाही. मग तुम्ही केसपेपरच्या मागं एक गोल काढून दाखवलात. दम लागला की माणूस घाबरतो. घाबरला की भराभर श्वास घेतो. नळ्या आधीच अरुंद, त्यामुळे आतली हवा पुरती बाहेर पडायच्या आत दुसरी भरली जाते. छाती फुगून बसते, नव्या हवेला जागा राहत नाही, की दम आणखी वाढतो. "आजारही खरा आहे आणि भीतीही खरी आहे. दोन्हींवर इलाज करायचा," असं तुम्ही म्हणालात. असं मला तोवर कुणीच म्हणालं नव्हतं.

आणि मग ती फुंकर. ओठांचा चंबू करून श्वास सोडा, हे मला आधीही एकांनी सांगितलं होतं. मी चूल फुंकावी तसा जोर लावायचे आणि आणखी थकायचे. तुम्ही विचारलंत, "अंगणवाडीत लेकरू पडलं, गुडघा खरचटला, की काय करायचात?" मी म्हणाले, फुंकर घालायचे. "तशीच. हळू. नाकानं दोन मोजेपर्यंत आत, फुंकरीनं चार मोजेपर्यंत बाहेर." पुढं वाकायचं, कोपरं मांडीवर टेकायची, खांदे सैल सोडायचे. तोंडावर हातपंख्याचा वारा घ्यायचा, त्यानंसुद्धा दम कमी झाल्यासारखा वाटतो. दम नसतानाही दिवसातून चार वेळा सराव, म्हणजे रात्री वेळेला शोधावं लागत नाही. सुनेलाही तुम्ही बोलावून सांगितलंत, की "घाबरू नका" म्हणून घाबरणं थांबत नाही, गर्दी करू नका, एकीनं शेजारी बसून हळू आकडे मोजा. आता माझी नातच मोजते.

झोपेची गोळी तुम्ही हातात घेऊन बघितलीत आणि तडक छातीच्या डॉक्टरांकडे नेलीत. फुफ्फुसं कमजोर असली की अशा काही गोळ्यांनी श्वास आणखी मंद होऊ शकतो, हे मला तेव्हा कळलं. ती त्यांनी त्यांच्या देखरेखीखाली बंद केली.

आता जे मी घरीही उशिरा सांगितलं, ते लिहिते. तिसऱ्या भेटीत मी सहज म्हणून गेले, "नको झालंय आता, सगळ्यांवर ओझं आहे नुसतं." तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि सरळ विचारलंत, "मावशी, जीव द्यावा असं मनात येतं का?" मला वाटलं होतं, असं कुणी विचारलं तर मी चिडेन. मी रडले. येतं म्हणाले. तुम्ही दचकला नाहीत, समजूतही घातली नाहीत. कधी येतं, काय येतं, सगळं ऐकलंत. मग मला विचारून सुनेला बोलावलंत आणि त्याच दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत आलात. त्यांनी छातीच्या डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू केली आणि गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मध्येच सोडू नका, असं बजावलं. टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ नंबर तुम्ही माझ्या पंपाच्या डबीवर चिकटवलात. रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. एकदा पहाटे लावला होता. पलीकडची बाई मराठीत बोलली, उजाडेपर्यंत पुरेल एवढा धीर आला.

बोटाला लावून ऑक्सिजन मोजायच्या मशीनचंही सांगते. मी दिवसातून तीस-चाळीस वेळा आकडा बघायचे आणि एकानं जरी उतरला की घाम फुटायचा. तुम्ही ते सुनेकडे द्यायला लावलंत. सकाळ-संध्याकाळ एकदाच, तेही शांत बसल्यावर, वहीत लिहून. आकडा किती उतरला तर दवाखाना गाठायचा, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या म्हणालात. ते लिहून घेतल्यावर उगाच बघायची गरजच संपली.

चालणं आपण विजेच्या खांबांवर मोजलं होतं. पहिल्या आठवड्यात दोन खांब. दम लागणार, लागू द्या, बोलता येतंय तोवर चाला, मग थांबून फुंकर. दिवाळीपर्यंत पार गाठला, मग मारुतीचं देऊळ, मग माझी जुनी अंगणवाडी. मध्ये थंडीनं छाती भरली, आठ दिवस अंथरुणात गेले, पुन्हा दोन खांबांपासून सुरुवात. तेव्हा तुमचा फोन आला होता.

यंदा येळवशीला मी शेतात गेले, सर. बांधापर्यंत लेकानं मोटारसायकलवर नेलं, पुढचं चालत. तुरीच्या पाट्यात एकदा बसावं लागलं. नातीनं आकडे मोजले, मी फुंकर घातली, लेक लांबून बघत उभा राहिला, धावत आला नाही. कडब्याच्या कोपीपाशी पोचले तेव्हा जाऊबाईंनी आंबिलाचा पेला हातात दिला आणि काहीच बोलल्या नाहीत. भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं खाल्लं. तुमच्या नावानं एक पान वाढून घेतलं होतं.

चटणी पुन्हा नवी केलीय. कुठं पाठवायची तेवढं कळवा.

तुमची,
औसा तालुक्यातली मावशी