यंत्राला हात लावू दिल्याबद्दल: डॉ. पु. का. केळकरांना पत्र

आदरणीय केळकर सर,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही १९९० साली गेलात. आपली भेट कधी झाली नाही आणि व्हायचं काही कारणही नव्हतं. मी बार्शीची. गणितात बी.एस्सी. केलं, मग एम.सी.ए. ही कॉम्प्युटरची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि आता बरीच वर्षं कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवते. पण माझ्या पोटापाण्याचा धागा मागे मागे नेत गेलं की तो कानपूरला, तुमच्यापाशी येऊन थांबतो. हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. धारवाडात जन्मलेला, मुंबईत शिकलेला, तिथल्याच व्ही.जे.टी.आय. या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलेला, पवईच्या आय.आय.टी.च्या आखणीत राबलेला माणूस आपल्याच मुलांना ठाऊक नाही, हे मला खुपतं.

१९५९ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.चे पहिले संचालक म्हणून तुम्ही गेलात तेव्हा तुमची पन्नाशी झालेली होती. या वयात माणसं बस्तान बसवून निवांत होतात. तुम्ही मात्र हारकोर्ट बटलर तंत्रशिक्षण संस्थेच्या कँटीनच्या इमारतीत संस्था सुरू केलीत. १९६२ पासून एम.आय.टी., प्रिन्स्टन, बर्कले अशी ९ अमेरिकन विद्यापीठं मदतीला आली आणि १९६३ मध्ये कल्याणपूरला, संस्थेच्या स्वतःच्या आवारात, आय.बी.एम. १६२० हा कॉम्प्युटर येऊन दाखल झाला. त्या वेळी देशात कॉम्प्युटर होतेच किती? कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ मध्ये एक आला होता, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० पासून अधिकृतपणे चालू होता. कानपूरचं यंत्र तसं साधंच. त्याच्यात बेरजेसाठी वेगळी व्यवस्थाच नव्हती. पाढे पाठ असलेल्या पोरासारखं ते स्मृतीत भरून ठेवलेल्या तक्त्यात उत्तर बघायचं.

पण ते यंत्र तुमच्याकडे विद्यार्थ्यांच्या हाती होतं. माझे आभार खरं तर याच एका गोष्टीसाठी आहेत, बाकीचं सगळं तिच्यामागून आलं.

माझ्या पिढीला विचारा. आमच्या कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघर होतं. चपला बाहेर, पडदे ओढलेले, दाराला कुलूप. आत गेल्यावर मास्तर बटणं दाबणार आणि आम्ही मागे उभं राहून वहीत उतरवून घेणार. ‘हात लावू नका, बिघडेल’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही नवं यंत्र दिसलं की क्षणभर हात मागे जातो. आणि माझ्या जन्माच्याही आधी तुमच्याकडची मुलं स्वतः कार्डं पंच करत होती, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून त्यावर प्रोग्रॅम उतरवत होती, स्वतः ती यंत्रात घालत होती, चुकलं की पुन्हा रांगेत उभी राहत होती. फोरट्रान नावाची भाषा होती, त्यामुळे यंत्राचे आकडे पाठ न करता सूत्र लिहावं तसा प्रोग्रॅम लिहिता येत असे. सिव्हिलचा असो की मेकॅनिकलचा, कोणीही तो लिहू शके.

माणसंही तुम्ही तशीच निवडलीत. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातून एच. के. केशवन आले, त्यांनी इलेक्ट्रिकल विभाग आणि कॉम्प्युटर सेंटर दोन्ही सांभाळलं. बर्कलेहून कॉम्प्युटरतज्ज्ञ हॅरी हस्की आले. १९६३ मध्येच व्ही. राजारामन शिक्षक म्हणून रुजू झाले. मग दहा दिवसांचे प्रोग्रॅमिंगचे वर्ग सुरू झाले, आणि ते फक्त कानपूरच्या मुलांपुरते नव्हते. इतर विद्यापीठांतले, प्रयोगशाळांतले लोक येत, शिकत आणि आपापल्या गावी जाऊन शिकवत. एखाद्याने हे यंत्र आपल्या संशोधनासाठी राखून ठेवलं असतं तर कोण विचारणार होतं? तुमच्या संस्थेने त्याच्याभोवती शिकवणारी माणसं तयार केली. शिक्षक म्हणून मला वाटतं, संस्थेने करायचं सगळ्यात मोठं काम हेच.

पुढे १९६५-६६ च्या सुमारास एम.टेक.ला कॉम्प्युटर सायन्स हा विषय घेता येऊ लागला. देशात असं शिक्षण तोवर कुठे मिळतच नव्हतं. स्वतंत्र बी.टेक. यायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली, तोवर तुम्ही मुंबईच्या आय.आय.टी.चं संचालकपदही भूषवून झालं होतं. त्याच कानपूरहून १९६९ मध्ये एम.टेक. झालेल्या नारायण मूर्तींनी १९८१ मध्ये सहकाऱ्यांसह पुण्यात इन्फोसिस काढली, हे पुणेकरांना सांगावं लागत नाही. त्याआधीचं कानपूर तेवढं सांगावं लागतं.

आता माझ्या वाट्याचं सांगते. राजारामन सरांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने शिफारस केली की कॉम्प्युटरसाठी माणसं हवी असतील तर एकट्या इंजिनिअरांवर भागणार नाही, गणित आलेले विज्ञान-वाणिज्य शाखेचे पदवीधरही घ्यावेत. त्यातून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एम.सी.ए. हा अभ्यासक्रम आला. तीन वर्षांचा, प्रोग्रॅमिंगबरोबर हिशेब आणि व्यवस्थापनही शिकवणारा, शेवटी उद्योगात जाऊन प्रत्यक्ष काम करायला लावणारा. इंजिनिअरिंगची फी आमच्या घराला झेपणारी नव्हती. वडील सरळ म्हणाले होते, ‘बी.एस्सी. कर, मग बी.एड. कर.’ त्यातही काही वाईट नव्हतं. पण एम.सी.ए.ची जाहिरात आली आणि गणिताची पदवी चालते असं त्यात छापलेलं होतं. माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या किती मुलींचा रस्ता त्या एका अटीने उघडला असेल! (२०२० पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. मला ते पटलेलं नाही. कॉमर्सहून आलेल्या मुलाला ते तिसरं वर्ष हवं असतं.)

आणखी एक ऋण आहे, ते तुमच्या पश्चात फेडायचं राहिलेलं. कानपूरला आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी देवनागरी कॉम्प्युटरवर आणण्याचं काम केलं. १९८३ च्या दिल्लीतल्या विश्व हिंदी संमेलनात ते लोकांना दिसलं. पुढे तांबे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आले आणि कॉम्प्युटरला भारतीय लिप्या लिहायला लावणारं जिस्ट कार्ड घराघरात नाही तरी कचेऱ्या-कचेऱ्यांत पोचलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि सगळ्या भारतीय लिप्यांना एकच मांडणी, ही इनस्क्रिप्ट नावाच्या कीबोर्डाची सोय याच परंपरेत रुजली. हे पत्र मी त्याच मांडणीने टंकते आहे. हे काम झालं तेव्हा तुम्ही कानपुरात नव्हता, श्रेय त्यांचंच. तरी जिथे यंत्र शास्त्रज्ञाचं एकट्याचं नसतं, तिथेच कुणाला त्यावर आपली अक्षरं हवीशी वाटतात, असं मी मानते.

२००२ मध्ये कानपूरच्याच मणिंद्र अग्रवाल सरांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना या नुकत्याच बी.टेक. झालेल्या दोघांबरोबर एक प्रश्न सोडवला: दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही, हे नेमकेपणाने आणि वाजवी वेळात सांगणारी रीत. शतकानुशतकं गणितज्ञांना छळणारा प्रश्न, आणि सोडवणाऱ्या तिघांतले दोघे पोरसवदा. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो.

आमच्या प्रयोगशाळेची किल्ली आता विद्यार्थ्यांकडेच असते. एखादं यंत्र बिघडतं, मुलं ते उघडून बसतात, कधी दुरुस्त होतं, कधी होत नाही. प्राचार्यांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांना तुमच्या १६२० ची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि दुसरी किल्ली करून दिली. येत्या जुलैत पहिल्या वर्षाचा पहिला तास तुमच्या नावाने घेणार आहे. फळ्यावर ‘पुरुषोत्तम काशिनाथ केळकर’ असं पूर्ण लिहीन, म्हणजे मुलांना शोधायला सोपं जाईल.

मनापासून आभार, सर.

आपली,
प्रोग्रॅमिंगची एक शिक्षिका, बार्शी