उद्यमनगरच्या मशीनमन मामांस

ती. मामा,
सा. न. वि. वि.

छपाईत चुकलेली टपाल तिकिटं जमवणारे आम्ही कोल्हापुरातले चार-पाच जण. तुम्ही हयात ऑफसेट मशीनवर काढलीत, तिकीट एकही जमवलं नाहीत. तरी आमच्या आल्बममधली बरीच 'दुर्मिळ' पानं तुमच्यामुळे रिकामी झाली. त्याचेच हे आभार.

काय चुकलंय ते कॅटलॉगात मिळतं. मशीनला ही चूक जमेल का, हे विचारायला तुम्ही शिकवलंत. १८५४ च्या चार आण्याच्या तिकिटावर राणीचं डोकं उलटं आलं, कारण लाल चौकट आणि निळं डोकं वेगवेगळ्या फेऱ्यांत छापलं जायचं. मधे ताव फिरला की झालं. अमेरिकेचं १९१८ चं २४ सेंटचं उलटं विमान हेही दोन फेऱ्यांचंच पाप. पण चारही रंग एकाच फेरीत छापणाऱ्या मशीनवर एकटा निळा उलटा यायचा तर प्लेटच उलटी बसायला हवी, आणि मग एक तिकीट नव्हे, थप्पीच्या थप्पी तशी निघेल.

सगळ्यात जास्त फसवणूक 'रंग गायब' मध्ये. पिवळा सुटला की हिरवी पानं निळी दिसतात, आणि विकणारा खुशीत येतो. पण उन्हात ठेवलेल्या तिकिटाचाही पिवळा उडतो, रसायनानंही उडवता येतो. तुमचा नियम सोपा: दहापट लूप, म्हणजे छोटं भिंग, लावा, पिवळ्याचा एक जरी ठिपका सापडला तरी रंग 'गायब' नाही, शाई कमी पडलीय. ठिपका नसला तरी किरमिजी फिका पडलाय का बघा. ऊन एकट्या पिवळ्यावर थांबत नाही. आणि शक्यतो शेजारच्या चांगल्या तिकिटासकट घ्या. एक सुटं तिकीट काही सिद्ध करत नाही.

बिनदात्यांचंही तसंच. कडेला रुंद कागद असलेल्या तिकिटाचे दाते कात्रीनं उडवले की 'बिनछिद्री' तयार. म्हणून जोडी हवी, मधे एकही भोक नसलेली. तीही दिव्यासमोर तिरपी धरायची: सुया बोथट झाल्या की भोक पडत नाही, पण कागदावर वळ उमटतो. वळ दिसला की भाव खाली. मापपट्टीवर दोन सेंटिमीटरमधली भोकं मोजायचा सराव आम्ही १९७९ च्या राजर्षी शाहू महाराजांच्या तिकिटावर करतो. नेहमीचं कसं दिसतं ते हाताला कळल्याशिवाय चुकलेलं ओळखू येत नाही.

मागच्या बाजूला उलटी छबी दिसली की आम्ही सगळ्याला 'सेट-ऑफ' म्हणायचो. तुम्ही दोन वेगळे केलेत. थप्पीत ओली शाई लागली तर छबी पुसट, तुटक. पण एखादा ताव ग्रिपरमधून, म्हणजे कागद धरणाऱ्या चिमट्यांतून, सुटला, तर ब्लँकेटवरची, म्हणजे छबी कागदावर उतरवणाऱ्या रबरी पट्ट्यावरची, शाई थेट दाबाच्या सिलेंडरवर बसते आणि पुढच्या तावाच्या पाठीवर ठसठशीत छापली जाते. पुढचे दोन-तीन ताव फिकट होत जातात. डिंक लावलेल्या कागदावर ही शाई डिंकावरच असते, त्यामुळे पाणी लावलं की चूक पाण्यातच गेली. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, थोडं सरकलेल्या तिकिटांना मात्र तुम्ही 'पसाऱ्यातला पसारा' म्हणता. बरोबर आहे. पावसाळी हवेत कागद फुगतो, रंग सरकणारच.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. आल्बम आडवा न ठेवता उभा ठेवतो, पीव्हीसीच्या पिशव्या काढल्या, डब्यात ओल शोषणारे सिलिका जेलचे निळे दाणे. ते गुलाबी झाले की मंद आचेवर तापवतो. स्वयंपाकातला तवा त्याला वापरायचा नाही, हे घरी सांगून झालं.

एक जोडी तुमच्यासाठी राखून ठेवलीय. एका बाजूला भोकांच्या दोन रांगा आहेत, एक सरळ, दुसरी तिरकी. एका फटक्यात तीन बाजू मारणारा फणीसारखा सुयांचा साचा दोनदा पडला म्हणावं, तर तिन्ही बाजूंना दुहेरी रांग हवी. ती नाही. नंतर कुणीतरी हातानं मारली असावी, असा आमचा संशय. रविवारी लूप घेऊन येतो.

आपले,
कोल्हापुरातले तिकीटवाले